खाऱ्या हवेतल्या घरासाठी चार्जिंग स्टेशन कसं निवडावं

चार्जिंग स्टेशन, म्हणजे एकाच प्लगवरून घरातल्या चार-सहा वस्तू चार्ज करणारं यंत्र, घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी वॅट विचारतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राजवळ राहणाऱ्याने हा प्रश्न जरा उशिरा विचारावा, असं माझं ठाम मत आहे. वॅट कमी पडले तर फोन सावकाश चार्ज होतो, एवढंच. चार्जर जातो तो वेगळ्या कारणांनी. खारी हवा पिना खाते, वळवाच्या पावसात वीज कडाडते, तारेवर फांदी पडून व्होल्टेज भलतीकडे जातं आणि कुंभारीण माशी प्लगच्या भोकात माती भरून ठेवते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी दिलेला सल्ला इथे अर्धाच कामाचा. म्हणून असं यंत्र कोकणातल्या घरासाठी कसं निवडायचं, कुठे ठेवायचं आणि आणल्यावर काय तपासायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी सगळ्या वस्तू ओटीवर मांडा

घरातली चार्ज होणारी प्रत्येक वस्तू तिच्या चार्जर-केबलसकट एका जागी आणा. मोबाईल सगळ्यांना आठवतात, बाकीच्या वस्तू विसरल्या जातात: आजोबांचा बटणांचा फोन, लाईट गेल्यावर लागणारी बॅटरी, चार्जिंगचा छोटा पंखा, ट्रिमर, मुलांचा टॅब, कानातले इअरबड, मनगटावरचं घड्याळ. डास मारायची रॅकेट बहुधा थेट प्लगमध्ये बसते, तिला या यादीत जागा नाही. बारीक गोल पिनेचे चार्जरही बाजूला ठेवा. त्यातले काही ९ किंवा १२ व्होल्टचे असतात, आणि पिन बसली म्हणून व्होल्टेज जुळलं असं होत नाही.

आता कागदावर प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा. तिचं तोंड कोणतं (टाइप-सी, मायक्रो-यूएसबी, लायटनिंग), तिला किती वॅट लागतात आणि ती दिवसाच्या कोणत्या वेळी चार्जिंगला लागते. वॅट चार्जरच्या अंगावरच कळतात. बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, त्यातले व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करायचा. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॅट. २० व्होल्ट ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट.

साधारण घरात चित्र असं दिसतं. लॅपटॉप ४५ ते ६५ वॅट, स्मार्टफोन २० ते ३० वॅट, टॅब २० च्या आसपास, आणि बटणांचा फोन, ट्रिमर, बॅटरी यांना प्रत्येकी ५ ते १०. इअरबड आणि घड्याळ त्याहूनही कमी. सगळ्यांची बेरीज सहज दीडशेच्या घरात जाते आणि माणूस घाबरून मोठं यंत्र घेतो. तशी गरज नसते. फोन पूर्ण वेगाने वीज घेतो ती फक्त सुरुवातीला. ऐंशी टक्क्यांच्या पुढे त्याचा ओढा बराच उतरतो. शिवाय तुमच्या कागदावरचा तिसरा रकाना सांगेल की लॅपटॉप दुपारी लागतो, फोन रात्री लागतात आणि ट्रिमर आठवड्यातून एकदा. एकाच वेळी खरोखर किती वस्तू लागतात, त्यांचीच बेरीज धरा. बहुतेक घरांना ६५ ते १०० वॅट पुरतात. लॅपटॉप नसेल तर ४० वॅटसुद्धा पुरेसे आहेत.

पोर्ट: दोन्ही प्रकारचे हवेत

नव्या यंत्रांमध्ये सगळे पोर्ट टाइप-सी असण्याची चाल आली आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं केलं, त्यामुळे पुढची दिशा तीच आहे. तरीही निदान एक, शक्यतो दोन जुने चौकोनी यूएसबी-ए पोर्ट असलेलंच यंत्र घ्या. कारण केवळ जुन्या केबली घरात आहेत एवढंच नाही.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त बॅटऱ्या, पंखे आणि ट्रिमर यांना तोंड टाइप-सीचं असतं, पण आत एक छोटा रेझिस्टर घालायचा बनवणाऱ्याने वाचवलेला असतो. टाइप-सी पोर्ट समोर वस्तू जोडली आहे हे या रेझिस्टरवरून ओळखतो. तो नसेल तर पोर्ट वीज सोडतच नाही. लोक म्हणतात, 'पंखा बिघडला' किंवा 'नवा चार्जर खराब निघाला'. खरं तर दोन्ही ठीक असतात. तोच पंखा यूएसबी-ए पोर्टला, एका टोकाला ए आणि दुसऱ्या टोकाला सी असलेल्या केबलने लावला की मुकाट्याने चार्ज होतो. आपल्याकडे लाईट गेल्यावर ज्या वस्तूंवर भिस्त असते, नेमक्या त्याच या जातीतल्या. म्हणून दोन सी आणि दोन ए ही मांडणी मला सगळ्यात उपयोगी वाटते.

वॅटचा मोठा आकडा एका पोर्टचा नसतो

खोक्यावर ठळक अक्षरात '१०० वॅट' लिहिलेलं असतं. हा बहुधा सगळ्या पोर्टचा मिळून आकडा असतो, आणि कधी फक्त एकच पोर्ट वापरला तर मिळणारा. खरी माहिती मागच्या बाजूच्या तक्त्यात असते: सी-१ एकटा असेल तर किती, सी-१ आणि सी-२ मिळून वापरले तर कसे वाटले जातात, चारही भरले तर काय उरतं. ६५ वॅटच्या यंत्रात दोन वस्तू लावल्या की ४५ आणि २० अशी वाटणी सहसा दिसते. तुमचा लॅपटॉप ४५ वॅटवर चालत असेल तर ठीक. त्याला ६५ लागत असतील तर तो चालेल, पण काम करताना चार्ज सावकाश चढेल. हा तक्ता खोक्यावरही नाही आणि माहितीपत्रकातही नाही, असं यंत्र घेऊ नका. जो आकडे लपवतो, त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नसतं.

एक्स्टेन्शन बोर्डावर जे दोन-तीन यूएसबी पोर्ट दिलेले असतात, तिथे हाच घोळ जास्त. बऱ्याच बोर्डांवर सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून १५ वॅटच्या आसपास मिळतात. बटणांचा फोन आणि बॅटरी यांना ते चालतं, आजच्या दोन स्मार्टफोनना कमी पडतं.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. अशा यंत्राला नवी वस्तू लावली किंवा एखादी काढली की ते विजेची वाटणी नव्याने ठरवतं, आणि त्यासाठी बहुतेक यंत्रं बाकीच्या पोर्टची वीज क्षणभर तोडतात. फोनला त्याचं काही नाही. पण त्याच यंत्रावर वायफायचा राउटर किंवा कॅमेरा चालवत असाल तर तो दर वेळी बंद होऊन पुन्हा सुरू होईल. घरून काम करणाऱ्याची मीटिंग त्यात तुटते. राउटरला त्याचा स्वतःचा अडॅप्टर आणि वेगळा प्लगच ठेवा.

फोनची भाषा जुळते का

चार्जर आणि फोन आधी आपसात बोलून व्होल्टेज ठरवतात. टाइप-सीची सर्वमान्य भाषा म्हणजे पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी. ५, ९, १५ आणि २० व्होल्ट या तिच्या नेहमीच्या पायऱ्या. आयफोन, बहुतेक टॅब आणि टाइप-सीवर चालणारे लॅपटॉप हीच भाषा बोलतात. सॅमसंगच्या फोनना पूर्ण वेगासाठी पीडीतलाच पीपीएस हा प्रकार लागतो. त्यात व्होल्टेज बारीक टप्प्यांनी वरखाली करता येतं. सॅमसंग असेल तर यंत्रावर पीपीएस लिहिलेलं आहे का ते बघा. काही कंपन्यांची भाषा मात्र स्वतंत्र असते, उदाहरणार्थ ओप्पो-वनप्लसचं सुपरवूक. अशा फोनचा ६७ किंवा ८० वॅटचा आकडा त्यांच्या स्वतःच्या चार्जरवरच दिसतो. बाहेरच्या यंत्रावर तो फोन सुरक्षित चार्ज होतो, पण बराच कमी वेगाने. रात्रभर लावायचा असेल तर याने काही बिघडत नाही. घाईसाठी त्याचा मूळ चार्जर जपून ठेवा.

वायरचं यंत्र घ्या, भिंतीला लटकणारं नको

आकार चार प्रकारचे मिळतात. थेट प्लगमध्ये बसणारा ठोकळा, वायर असलेलं टेबलावरचं यंत्र, यूएसबी असलेला एक्स्टेन्शन बोर्ड, आणि भिंतीच्या बोर्डातच बसवलेले यूएसबी पोर्ट.

जुन्या घरातले प्लग सैल झालेले असतात. चार पोर्टचा जड ठोकळा त्यात लटकला की पिना खाली झुकतात, आत ठिणग्या पडतात आणि प्लगचं प्लास्टिक तपकिरी होऊ लागतं. चार केबलींचा भार वेगळाच. म्हणून माझी निवड वायरवाल्या यंत्राची. त्यातही वायर यंत्रापासून सुटी होणारी हवी. आठच्या आकड्यासारखं टोक असलेली वायर, जुन्या टेपरेकॉर्डरला असायची तीच, चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. खाऱ्या हवेने पिना खराब झाल्या तर वायर बदलायची, यंत्र तसंच राहतं. तीन पिनांची वायर असलेलं यंत्र आणि घरात चांगलं अर्थिंग असेल तर आणखी एक सोय बऱ्याचदा होते. दोन पिनांच्या चार्जरवर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की ज्या बारीक झिणझिण्या येतात, त्या थांबतात.

भिंतीत बसवलेले यूएसबी पोर्ट दिसायला छान. पण जांभ्याच्या भिंतीला जून ते सप्टेंबर ओल असते आणि पोर्टमागची सर्किट त्या ओलीतच राहते. शिवाय वीज कडाडायला लागली की ते उपटून बाजूला ठेवता येत नाहीत. किनाऱ्याजवळच्या घरात मी ते बसवायला सांगणार नाही.

गॅलियम नायट्राइडचे, म्हणजे 'गॅन' लिहिलेले चार्जर आता सर्वत्र मिळतात. ते लहान असतात आणि कमी तापतात. थोडे पैसे जास्त गेले तरी वैशाखातल्या उकाड्याचा विचार करता ते वसूल होतात. कमी तापतात म्हणजे तापतच नाहीत असं नव्हे. ६५ वॅटच्या यंत्राची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तरी पूर्ण भारावर सातेक वॅटची उष्णता त्या छोट्या डबीतून बाहेर पडायची असते. गादीवर, उशीखाली, पडद्याआड ते ठेवायचं नाही.

खरेपणाची खूण

भारतात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण सक्तीची आहे. तिच्यासोबत इंग्रजी आर अक्षर आणि पुढे आठ आकड्यांचा क्रमांक असतो. दुकानातच फोन काढा, बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाका आणि कंपनीचं व वस्तूचं नाव जुळतं का बघा. बाजारपेठेत किंवा जत्रेतल्या स्टॉलवर मिळणाऱ्या सहा पोर्टच्या स्वस्त यंत्रावर हा क्रमांक नसतो किंवा भलत्याच वस्तूचा निघतो. तसं झालं तर तिथेच सोडून या. स्वस्त चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात अंतर पुरेसं राखलेलं नसतं, आणि दमट हवेत तेच अंतर माणसाचा जीव वाचवतं.

इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असावं. आपल्याकडे लाईनच्या टोकाच्या वाड्यांवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं, दिवे मिणमिणतात. असं यंत्र त्या वेळीही चालत राहतं.

समुद्र, कुंभारीण आणि वीज

खाऱ्या हवेबद्दल एक बाब समजून घेतली तर यंत्राचं आयुष्य पुष्कळ वाढतं. यूएसबी-ए पोर्टमध्ये बटण चालू असेपर्यंत ५ व्होल्ट सतत उभे असतात, वस्तू लावलेली असो वा नसो. टाइप-सी पोर्ट मात्र समोर वस्तू आहे याची खात्री पटल्याशिवाय पॉवरच्या पिनेत वीज सोडत नाही. पिनेवर मिठाचा ओलसर थर आणि त्यातून सतत वीज, ही जोडी धातूला झपाट्याने खाते. फोनच्या पोर्टमध्ये हिरवट-काळपट डाग दिसतात ते याच कारणाने. म्हणून काम झालं की बोर्डाचं बटण बंद करायचं, केबल पोर्टमध्ये अडकवून ठेवायची नाही आणि रिकाम्या पोर्टवर रबराची टोपणं घालायची. ती ऑनलाइन सहज मिळतात.

जागा निवडताना समुद्राकडची खिडकी, पडवी आणि न्हाणीघराची भिंत टाळा. माजघरातलं किंवा आतल्या खोलीतलं फडताळ उत्तम, फक्त दार उघडं राहील असं. रिकाम्या प्लगच्या भोकात कुंभारीण घर करते आणि मुंग्या शिरतात, त्यामुळे शेजारचे न वापरलेले प्लगही झाकून घ्या. ओल्या हाताने, मासळी साफ करून उठल्यावर तसाच फोन लावायला जाऊ नये. फोनने पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना दिली तर केबल काढून फोन तोंड खाली करून पंख्याखाली ठेवा. तांदळात खुपसू नका, कोंडा आणि पीठ पोर्टमध्ये जातं.

विजेचा धोका आपल्याकडे दोन वेळा जास्त: मे महिन्यातला वळीव आणि परतीचा, हस्तातला पाऊस. गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, प्लग उपटायचा. बटणाच्या आतलं अंतर जेमतेम असतं आणि विजेचा धक्का ते ओलांडू शकतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळपासच्या विजेची सूचना देतं, ते घरात एकाच्या तरी फोनवर असू द्या. स्पाइक गार्ड, म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी अडवणारा बोर्ड, लावलात तर चांगलंच, पण त्याचा पूर्ण उपयोग व्हायला अर्थिंग धड हवं. जांभ्याच्या सड्यावर अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो. वायरमनकडून ते वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये, मोजून घ्या.

न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटण्याबद्दल फारसं बोललं जात नाही, पण फटका तिचा मोठा असतो. वादळात झाड पडून न्यूट्रलची तार तुटली की सिंगल फेजच्या घरात २३० ऐवजी ३०० च्या वर, वाईटात वाईट ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात. एमसीबी हे थांबवत नाही, तो जादा करंटसाठी असतो. मेन बोर्डावर जास्त-कमी व्होल्टेजला लाईन तोडणारं उपकरण वायरमनकडून बसवून घ्या. चार्जरबरोबर टीव्ही-फ्रिजही वाचतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा खंडानंतर लाईट आली की लगेच काही लावू नका. दिवा काही मिनिटं स्थिर जळू द्या, मगच प्लग.

केबल आणि इन्व्हर्टर

चांगल्या यंत्राला रद्दी केबल लावली तर सगळं वाया. साधी टाइप-सी ते टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंत चालते. त्याहून जास्तीसाठी आत चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते, तिच्यावर १०० किंवा २४० वॅट लिहिलेलं असतं. लॅपटॉपसाठी तशी एक घ्या आणि तिला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे मुलं फोनला नेणार नाहीत.

लाईट गेल्यावर काय, याचा हिशेब सोपा आहे. ५००० एमएएचचा फोन एकदा पूर्ण भरायला, वाया जाणारी धरून, साधारण २५ वॅट-तास लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये चाळीसेक फोन. रोजच्या वापरात हा खर्च नगण्य. गणपतीत मात्र घर चाकरमान्यांनी भरतं आणि एका संध्याकाळी वीस फोन चार्जिंगला रांगेत असतात. वीस फोन म्हणजे ५०० वॅट-तास. १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, त्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग फोनच पिऊन टाकतात आणि पहाटे पंखा बंद पडतो. म्हणून सणात नियम करा: दिवसा, लाईट असताना फोन भरायचे, इन्व्हर्टरवर फक्त वयस्कर माणसांचे. त्या चार-पाच दिवसांसाठी रोजचं यंत्र मोठं घेण्याचीही गरज नाही. सहा यूएसबी-ए पोर्टचं साधं, नोंदणीखूण असलेलं दुसरं यंत्र घ्या. सण झाला की सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चार्जर थोडा जास्त तापेल किंवा गुणगुणेल. त्यावर लॅपटॉप तासन्‌तास लावू नका.

आणल्यावर पहिल्या दिवशी

पावती आणि खोकं जपा. सगळे पोर्ट एकेक करून प्रत्येक वस्तूने तपासा, मग रोज ज्या वस्तू एकत्र लावणार त्या सगळ्या लावून तासभर समोर बसा. अंग गरम होणं स्वाभाविक, पण हात टेकवून ठेवता येत नसेल, जळका वास येत असेल किंवा फोनचा पडदा चार्जिंगला असताना आपोआप उड्या मारत असेल तर यंत्र परत करा. तो पडदा उड्या मारतो याचा अर्थ आतून येणारी वीज स्वच्छ नाही. लॅपटॉप 'सावकाश चार्ज होत आहे' म्हणत असेल तर आधी केबल बदलून बघा, मग पोर्ट, आणि शेवटी तक्ता पुन्हा वाचा.

नंतरची निगा वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत. प्लग काढून यंत्र तासभर तसंच ठेवा. मऊ कोरड्या ब्रशने पोर्ट झाडा आणि वायरच्या पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. पिना काळ्या पडून घासूनही चमकत नसतील तर वायर नवी घ्या. पोर्टमध्ये केबल हलवल्यावर चार्जिंग तुटू लागलं, की तो पोर्ट वापरणं थांबवा. दुसऱ्या पोर्टचंही तसंच झालं, तर यंत्र बदला.